सोळा कोयते आणि एक अर्धा

वसतिगृह आजच्या आज बंद करा, असा आदेश ग्रुपवर आला तेव्हा मी पोरींच्या वेण्या घालत होते. आमच्या शाळेचं हंगामी वसतिगृह ते. आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेले की लेकरांची शाळा सुटू नये म्हणून सरकारनं काढलेलं. योजना चांगली आहे, मी तिला कधी नावं ठेवणार नाही. पण साथ आली आणि 'मुलांना नातेवाइकांच्या स्वाधीन करावे' एवढ्या एका ओळीत सगळं गुंडाळलं. आता नातेवाईक कुठून आणू, अर्धं गाव तर कारखान्यावर!

संध्याकाळपर्यंत कुणाची आजी आली, कुणाची मावशी आली. एक पोरगी उरली, तिसरीतली. बाप वारलेला, आई कारखान्यावर. चुलतीनं दारातूनच सांगितलं, "माझीच चार हायती, हिला कुठं घालू?" मी म्हटलं, चल बाई माझ्यासंगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. दोन दिवसांचा! तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं.

वडवणी तालुक्यातल्या त्या गावात मी भाड्याच्या खोलीत राहायचे. माहेर घाटनांदूरकडचं, जमीनजुमल्याचं, भाऊ राजकारणातला. लग्न झालं, तीन वर्षं नांदले, मूलबाळ झालं नाही, परत आले. परत आलेली बहीण भावाला जड झाली, तेव्हा नोकरी धरली आणि त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. त्याला वीस वर्षं झाली होती. मला एकटं राहायची सवय आहे, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे.

साथीनं ती ऐट आठवड्यात उतरवली. घरोघर जाऊन ताप-खोकला विचारायचं काम शिक्षकांकडं आलं, आणि ज्या घरांत मी वीस वर्षं चहा प्यायले तिथं दार उघडेना. खिडकीतूनच "न्हाई, न्हाई, आमाला कुणाला काय बी न्हाई" म्हणायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. घरमालकीण म्हणाली, "बाई, राग मानू नका, पन नळाला हात लावू नका. मी घागर भरून ठिवत जाईन." मी राग मानला. कुणाला फोन लावावा तर आधी ती खोकल्याची टेप, मग टेपमधली ती बाई हात धुवायला सांगायची, आणि पलीकडचा उचलायचाच नाही. काही दिवस तर माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारी तेवढी एकच बाई होती. एकदा मी तिला "बरं, बरं" म्हणाले.

पण घरात पोरगी होती. "बाई, तुमी भाकर लई जाड करता." "बाई, तुमी झोपंत बोलता." दिवसभर तिचं तोंड चालू. लाल तिखटावर तेल घालून भाकरी खायची आणि मलाही खायला लावायची. दुपारी तिला गुणाकार शिकवायचे. झोपताना गुडघे माझ्या पाठीत रुतवायची आणि मी सरकत सरकत भिंतीला लागायचे. सकाळी पाठ धरलेली असायची. कुणी विचारलं असतं तर मी कटकट म्हटलं असतं. कुणी विचारणारंच नव्हतं म्हणा.

एकदा तिनं मलाच शिकवलं. ऊसतोडीत माणसं जोडीनं मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणायचं. हे मला ठाऊक होतं, बीड जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? पण ती सांगत होती म्हणून मी ऐकलं. "माझी आई अर्धा कोयता हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी बी अर्ध्याच की!" मी खो खो हसले, आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

एप्रिल निम्मा सरला आणि ऊसतोड कामगारांना तपासणी करून गावी आणायची परवानगी मिळाली. गावागावाची यादी मागवली होती. नाव त्या यादीत असेल तरच माणूस गाडीत बसणार. आमच्या गावची यादी माझ्याकडं आली. तोडणीच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, लिवा. सोळा कोयते आन एक अर्धा."

एक अर्धा म्हणजे पोरीची आई.

सोळा जोड्या भरल्या. वरून आलेल्या तक्त्यात कुटुंबप्रमुख आणि जोडीदार असे दोन रकाने होते, जोड्या त्यात बरोबर बसल्या. तिची ओळ राहिली. तिचा आधार नंबर मुकादमाजवळ नव्हता, म्हणाला, तिच्या घरी पेटीत असंल. ग्रामसेवकाचे फोनवर फोन, "मॅडम, पाठवा, वर सारखं विचारतायत." मी म्हटलं, हिचं उद्या पुरवणी यादीत पाठवू, आणि पाठवून दिलं.

आता खरं सांगते. तिच्या आधारची झेरॉक्स शाळेत होती. पोरीच्या वसतिगृहाच्या अर्जाला मीच टाचली होती. यादी करताना मी ज्या खुर्चीत बसले होते तिथून कपाट चार पावलांवर. उठले नाही. आणि 'उद्या' आला तेव्हाही उठले नाही. परवाही नाही. तिकडं आई यायची होती म्हणजे इकडं पोरगी जायची होती. मला ती हवी होती. झालं, लिहिलं. इतकी वर्षं 'गडबडीत राहून गेलं' असंच सांगत आले.

ट्रक आला त्या दिवशी शाळेतच सगळ्यांची तपासणी होती. हातावर शिक्के मारायचे, वर्गखोल्यांत चौदा दिवस ठेवायचं. पोरगी लांब, लिंबाखाली, नवा फ्रॉक घालून उभी. ट्रकातून माणसं उतरत होती तशी ती बोटांवर जोड्या मोजत होती. सोळा झाल्या. ट्रक रिकामा झाला. ड्रायव्हरनं मागचा फाळका लावला तरी ती हलली नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला, कारखान्याच्या कुणा वॉचमनच्या फोनवरून. "बाई, समदे गेले. मी बी चढाया गेलते, तर मुकादम म्हनला तुजं नाव न्हाई कागदावर. न्हेलं तर समद्यांलाच अडिवतील. आता हितं मी एकलीच हाय, कोप्या समद्या रिकाम्या पडल्यात. मी काय करू?" पाचटाच्या झोपड्यांच्या त्या रिकाम्या वस्तीत एकटी बाई.

पोरगी शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आईचं नाव कावून न्हाई लिवलं?" मी म्हटलं, सरकारची चूक झाली गं. सरकारवर ढकललं. सरकारला काय, ते उलटून थोडंच बोलणार होतं! त्या दिवसापासून तिची बडबड थांबली. पाठीला गुडघेही लागेनात, भिंतीकडं तोंड करून झोपायची.

मग मी उठले. झेरॉक्स काढली, पुरवणी यादी पाठवली. आता कुणी दाद देईना. तालुक्याला फोन केला तर म्हणाले, एका बाईसाठी गाडी कशी पाठवायची मॅडम, तुम्हीच सांगा. खरंच होतं त्यांचं. एका बाईसाठी कोण गाडी पाठवतं?

शेवटी भावाला फोन लावला. वीस वर्षांनी. तो म्हणाला, "वीस वर्षांनी फोन केलास, तो बी दुसऱ्याच्या कामासाठी?" मी रडले. माझं स्वतःचंच काम आहे, असं म्हणाले. त्याला काय कळलं कोण जाणे. माझा भाऊ कसाही असो, फोन फिरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आष्टीकडच्या एका टोळीच्या गाडीत त्यानं तिची सोय लावली. तोवर अठरा दिवस तिनं तिथं एकटीनं काढले होते.

ती आली तेव्हा बाकीच्या सोळा जोड्या मुदत संपवून घरी गेल्या होत्या. चार खोल्यांच्या शाळेत ती एकटी. पुन्हा चौदा दिवस! कपाळाजवळ ते यंत्र धरून ताप बघायचा, नोंद करायची, डबा पायरीवर ठेवून मागं सरायचं, हे काम माझंच. पोरगी गेटबाहेर आणि आई व्हरांड्यात. दोघी एकमेकींना ओरडून विचारायच्या, जेवलीस का, काय खाल्लंस, केस कुणी विंचरले. मी मध्ये डबा घेऊन उभी. पोरीची बडबड पुन्हा सुरू झाली होती, पण आता ती गेटाच्या पलीकडं चालायची.

पहिल्या दिवशीच आईनं लांबून हात जोडले. "लई उपकार झाले बाई तुमचे." सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "त्यात काय, जेव आधी." एवढंच. चौदा दिवस रोज संधी होती आणि चौदा दिवस मी फक्त ताप मोजला.

पंधराव्या दिवशी आई पोरीला घेऊन गेली. वळणावर पोरगी मागं वळून "येते बाई" म्हणाली. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या नेहमीसारख्याच थापल्या, दोघींच्या. मग लक्षात आलं. घरमालकिणीनं नळ मोकळा केला तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

दसरा झाला. टोळ्या निघायचे दिवस आले. शाळा बंदच, वसतिगृह यंदा उघडायचं नाव नाही. मी पोरीच्या घरी गेले. आई बोचकं बांधत होती, पोरगी हापशावर पाण्याला गेली होती. मी म्हटलं, "तिला कशाला नेतेस? माझ्याकडं ठेव. अभ्यास घेईन, खायला-प्यायला कमी पडू देणार नाही. तुझ्यापेक्षा जास्त जपीन बघ."

ती गाठ मारायची थांबली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "बाई, यादी तुमीच केलती. समद्यांची नावं लिवली. माझी पोरगी तुमच्या घरात व्हती, रोज माझं नाव घेत व्हती. माझंच नाव कसं ऱ्हाईल इसरून?"

मी बोचक्याच्या गाठीकडं बघत राहिले.

"राग न्हाई तुमचा. तुमी तिला उपाशी ठिवलं न्हाई, मारलं न्हाई. पर तुमाला ती लई आवडती. तुमाला कटकट वाटली असती, तर ठिवली असती बगा."

आणि तिनं गाठ आवळली. पोरगी घागर घेऊन येत होती. आईनं लगेच विषय बदलला, मला चहा टाकू का विचारलं. मी चहा प्यायले.

पुढं शाळा उघडल्या, वसतिगृह उघडलं. ती पोरगी परत आली नाही. आईबरोबर उसाच्या फडात जाते असं कळलं, मोळ्या चांगल्या बांधते म्हणे. दरवर्षी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा कागद येतो. तिचं नाव मीच लिहिते. त्यात शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना असतो. आमच्या भागात सगळेच त्यात 'स्थलांतर' लिहितात. मीही तेच लिहिते.