ढिगाला घातलेली हाक

"मझार कोनी शे का?"

कपाशीच्या ढिगासमोर उभे राहून आमचे मुकादम रोज सकाळी ही हाक घालायचे. आत कोणी आहे का, एवढाच तिचा अर्थ. एक हात कमरेवर, दुसरा कानामागे, मान जराशी कलती. हाक घालून झाली की थांबायचे. बायका टोपल्या घेऊन खोळंबलेल्या, गडी दाताळी टेकून उभे, शेठ ओट्यावर चडफडतायत, आणि हे गृहस्थ कपाशीच्या उत्तराची वाट बघतायत. उत्तर आले नाही की मान हलवून म्हणायचे, "चाला, रिकामा शे." मग कामाला सुरुवात.

शहाद्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतली सरकी काढायच्या कारखान्यात, मी तेव्हा कारकुनी करत होतो. मालक गुजराती, त्यामुळे माझे नाव आपोआप मेहताजी झाले. एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली ती वर्षे. तापीकाठची कपाशी बैलगाड्यांनी येऊन आवारात पडायची आणि बघता बघता घराएवढे ढीग उभे राहायचे. तुम्ही बाहेरून पाहिलेत तर वाटेल, काय मऊ गादी आहे! जो तिथे राबला आहे त्याला विचारा. ढीग म्हणजे विहीर. पाय खोल गेला की माणूस खाली जातो, नाकातोंडात कापूस भरतो, आणि तो कितीही ओरडला तरी वर टाचणी पडल्याइतकाही आवाज येत नाही.

थंडीच्या दिवसांत डोंगरातून आलेले मजूर उबेसाठी ढिगात शिरून झोपत. मुकादम कामावर नवे होते त्या वर्षी असाच एक जण झोपला. सकाळी त्याच्यावर आणखी गाड्या रिकाम्या झाल्या. तो सापडला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींत कापूस होता, असे मुकादमांनी मला एकदा सांगितले आणि नंतर तो विषय कधी काढला नाही. हाक मात्र त्या दिवसापासून सुटली नाही. आणि नुसती हाक नव्हे. कोणी असल्याची जरा शंका आली तर हे पहिले उडी टाकणार, दाताळे नको, फावडे नको, दोन्ही हातांनी उकरत सुटणार. दाताळे माणसाला लागते म्हणून.

मी शिकला-सवरलेला माणूस, मला या सगळ्याची गंमत वाटायची. पण एका सकाळी हाक घातल्यावर ते जागच्या जागी ताठ झाले. "शे म्हनस," म्हणाले, जणू आतून कोणी 'आहे' म्हटले होते, आणि घुसले. आम्ही कोणी काही ऐकले नव्हते. ढीग पार उपसला. माणूस नाही, कुत्रे नाही, मांजर नाही. मधोमध एक खळगा मात्र होता, अंग मुडपून कोणी निजावे एवढा. मी हात घातला. खळगा गरम होता.

"ओली कपाशी आतून तापते, मुकादम," मी म्हटले.

"तापस ना. पन तापेल कपाशी बोलस का, मेहताजी?"

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. हात मात्र बराच वेळ धोतराला पुसत होतो.

वहिनींची, म्हणजे मुकादमांच्या बायकोची, ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचे सगळे त्यांच्यासाठी घडले. लग्नाआधी त्या याच जिनिंगमध्ये यंत्रावर कपाशी लोटायच्या कामाला होत्या. तिथली धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली ती कायमची. लग्नानंतर काम सुटले, पण घर आवाराला लागूनच. मोसम सुरू झाला की खोकला सुरू, फाल्गुनापर्यंत बोलताना धाप लागायची. मूलबाळ नव्हते. दोघे एकमेकांना धरून होती. वहिनींची जीभ मोठी तिखट. म्हणायच्या, "तुम्हना मुकादम रोज मन्हा पाठले कान लावतस आनि इचारतस, मझार कोनी शे का? मी म्हनस, खोकला शे, भाडं बी देत नही!"

मुकादम यावर हसायचे. पण पाठीला कान लावायचे ते खरेच.

एका वर्षी नंदुरबारच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. बाईंना कपाशीपासून दूर, थंड आणि स्वच्छ हवेत काही दिवस ठेवा, नाहीतर पुढचा मोसम त्यांना झेपायचा नाही. मुकादम तसेच माझ्याकडे आले. हातात गुंडाळी केलेले कॅलेंडर होते. शेठकडे मुंबईच्या दलालाने पाठवलेले. त्यावर बर्फाने भरलेला डोंगर, आणि पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून उतारावरून घसरत येणारे एक जोडपे.

"हाऊ ढीग देखा, मेहताजी. कितला मोठा! आनि धूळ जराबी नही."

"अहो, तो बर्फ आहे."

"आसू द्या ना. ढीग तं शे."

माणसाचे डोके कसे चालते बघा. ज्याने बायकोची छाती खाल्ली त्याच्यासारखेच पांढरे, तेवढेच मऊ, पण श्वासात न जाणारे काहीतरी या जगात आहे, एवढेच त्यांनी त्या चित्रात पाहिले होते. आणि तिला तिथे न्यायचे ठरवून टाकले होते.

मग सुरू झाली जागेची निवड. मोसम संपत आला की दुपारी माझ्या टेबलाशी बैठक भरायची. मुकादमांच्या अटी दोनच. बर्फ पाहिजे आणि "परवडाले पाहिजे, भो." मी म्हटले, तोरणमाळ काय वाईट आहे? घरची जागा, थंड हवा, तलाव. "थंडी शे, बरफ कोठे शे?" शेठ म्हणाले, अबूला जा, आमची सगळी मंडळी जातात. तिथेही बर्फ नाही, शिवाय शेठच्या मंडळींना परवडते ते मुकादमांना कसे परवडावे? सिमल्याचे नाव निघाले. तिथला बर्फ चैत्रापर्यंत टिकत नाही असे कळले, आणि आमचा मोसम तर चैत्राशिवाय संपत नाही. काश्मीर म्हणताच मुकादमांनी दोन्ही कानांना हात लावले.

अडलेले गाडे एका सरदारजीने ओढून काढले. आमच्या कापसाच्या गाठी घेऊन त्याचा ट्रक विसरवाडीवरून निघायचा तो थेट अमृतसरच्या गिरण्यांकडे. तो म्हणाला, कुलूच्या वर एक लहानशी वस्ती आहे, माझा मेहुणा तिथे खानावळ चालवतो. लष्कराचे लोक पट्ट्यांवर घसरायला शिकायला येतात, बाकी कोणी फिरकत नाही. राहणे-जेवणे अगदी स्वस्त. बर्फ वैशाखापर्यंत. आणि अमृतसरपर्यंत माझ्या ट्रकमध्ये बसा की. मुकादमांचे डोळे चमकले. पण शेवटच्या क्षणी पाय मागे. एवढ्या लांब परमुलखात न्यायचे, वाटेत तिला काही झाले तर?

निर्णय झाला तो एका फजितीतून. मुकादमांनी म्हटले, आधी घसरून तर बघू. गाठी रचायच्या फळ्या पायांना सुतळीने बांधल्या आणि शेवटच्या मोठ्या ढिगावर चढले. चढण्याआधी हाक घातली, हे सांगायला नकोच. मग वरून निघाले ते हातभर घसरले आणि कमरेपर्यंत रुतून बसले. शेठ ओरडतायत, बाया पदर तोंडात कोंबून हसतायत, आणि वहिनी सगळ्यांत जास्त हसतायत. हसता हसता खोकला लागला. तो थांबेना. त्या खाली बसल्या, ओठ निळसर पडले, आणि मुकादम कमरेपर्यंत कपाशीत अडकलेले, त्यांच्याकडे हात करून धडपडतायत. पोचता येत नव्हते. त्यांचे त्या वेळचे तोंड मला अजून दिसते. मोठ्या माणसाला इतके घाबरलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

वर काढल्यावर ते एवढेच म्हणाले, "जाऊत. आखाजीना पहिले परत येऊत."

चैत्रात ती दोघे सरदारजीच्या ट्रकमध्ये बसून गेली. वहिनींनी नवे लुगडे नेसले होते. मुकादमांनी कॅलेंडर बगलेत धरले होते, जणू ते दाखवल्यावर तिथला डोंगर ओळख देणार होता. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. बंद पडलेल्या जिनिंगमध्ये त्या दिवसांत फार शांतता असते. सकाळी हाक नाही म्हणून मला चुकल्यासारखे व्हायचे, याचे माझे मलाच हसू येई.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ट्रक परत आला. सरदारजी आधी उतरला, त्याने पगडीला हात लावला आणि मान खाली घातली. मागून वहिनी उतरल्या. एकट्या.

काय झाले ते त्यांनी मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितले, ओट्यावर बसून, न थांबता. न थांबता म्हणालो ते मुद्दाम. मध्ये एकदाही धाप लागली नाही. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खोकला गेला होता आणि तो परत आलाच नाही.

तिथले दिवस मोठे सुखाचे गेले. मुकादम सकाळी उठून पाठीला कान लावायचे आणि लहान मुलासारखे नाचायचे. "रिकामा शे! रिकामा शे!" निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी दोघांसाठी पट्ट्या भाड्याने घेतल्या. वाटाड्याने त्यांना सोप्या उताराच्या माथ्यावर नेले. ऊन चढत होते. तो म्हणाला, वसंतातला बर्फ आहे, वरचा थर सुटा असतो, मी सांगेन त्याच वाटेने या, आणि मोठ्याने बोलू नका.

मुकादम मान हलवून पुढे झाले. समोर एवढा पांढरा ढीग. एक हात कमरेवर गेला, एक कानामागे.

"मी नको म्हनस तवपावत त्यास्नी हाक मारी बी," वहिनी म्हणाल्या. "मझार कोनी शे का?"

"मग?"

"मंग जवाब उना. शे, म्हने."

मी माझा शहाणपणा सोडला नाही. म्हटले, "वहिनी, डोंगरात हाक परत येते. आपल्या सातपुड्यातही येते."

"येस ना, मेहताजी. पन जो हाक मारस, त्यानाच आवाज परत येस. तो आवाज मन्हा व्हता."



वहिनी मुकादमांच्या मागे दोन हात अंतरावर उभ्या होत्या. तोंड मिटलेले. आणि त्यांचाच आवाज खालून, बर्फाच्या आतून आला. आजारपणातला, धाप लागलेला. मुकादमांनी मागे वळून पाहिलेच नाही. पाहिले असते तर बायको मागे उभी दिसली असती. पण आयुष्यभर ज्याची भीती बाळगली तो आवाज कानावर पडल्यावर कोण मागे बघतो? त्यांनी पट्ट्या झटकल्या, उतारावर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. वहिनी ओरडल्या, "आहो, मी आठे शे! आठे शे मी!" मी इथे आहे, हे मुकादमांपर्यंत पोचले की नाही, देव जाणे. वरचा सगळा पांढरा उतार एकदम हलला आणि मुकादमांना घेऊन खाली गेला.

लष्कराच्या लोकांनी पुष्कळ खणले. ज्येष्ठात बर्फ वितळला की सापडतील, असे सांगून त्यांनी वहिनींची समजूत घातली. पावसाळ्यात सरदारजी तिथली खबर घेऊन पुन्हा आला. बर्फ वितळला होता, खालचे गवत वर आले होते. पट्ट्या मिळाल्या, मुकादमांचे पागोटे मिळाले. माणूस मिळाला नाही.

पुढच्या वर्षीची आखाजी आली. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, त्याचा जीव तहानेला राहू नये म्हणून. भावकीतल्या बायका वहिनींच्या दारात जमल्या. घागर आणली, खरबूज आणले, सांजोऱ्या आणल्या. वहिनींनी सासऱ्याची घागर भरली, सासूची भरली. तिसऱ्या घागरीला काही केल्या हात लावेनात. बायका समजावून थकल्या. शेवटी मला बोलावणे आले, मेहताजींचे ऐकतील म्हणून.

मीही तेच बोललो, जे अशा वेळी सगळे बोलतात. वर्ष झाले, वहिनी. आता मानायला हवे. पाणी द्या त्यांना, तेही सुटतील, तुम्हीही सुटाल.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. डोळे कोरडे होते. श्वास अगदी संथ चालला होता.

"मरेल मानूसले पानी देतस, मेहताजी. तुम्हना मुकादम तं माले काढाले गयात. आजून बी शोधी ऱ्हायनात व्हतीन. आनि मी आठे बाहेर शे, हाई त्यास्ले कोन सांगी?"