तिसरं पाणी

दुपारचे तीन वाजलेत. प्रयोगशाळेत नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज एकसुरी घुमतंय आणि डॉ. अनुपमा कोष्टी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगतेय. तिला अहो-जाहो करायला हवं खरं, पण टेबलावर गाल टेकून तोंड उघडं टाकलेल्या माणसाला कोण अहो-जाहो करतं? शिवाय आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. तेव्हा आपणही तिला जरा सांभाळून घेऊ.

झोप उडण्याचं कारण समोरच्या ट्रेमध्ये आहे. एचआयव्हीच्या रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकच इंजेक्शन, असं ते काम. औषध पोटात घेऊन बसलेले कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावावेत. ते अंगात सावकाश विरघळतात आणि औषध थोडं थोडं सुटत राहतं. निदान तसं सुटायला हवं. कण तयार झाले की त्यांना बाहेरूनही औषध चिकटलेलं असतं. ते धुऊन काढलं नाही, तर पहिल्याच दिवशी भसकन सुटतं आणि महिनाअखेरीला काही उरत नाही. म्हणून कण तीनदा धुवायचे. पण दर धुण्याला कणांत किती औषध भरलं तो आकडा घसरतो. या खेपेला अनुपमानं एकदाच धुतलंय. आकडा फक्कड आलाय. अहवालात मात्र तिनं तीनदा धुतलं असं लिहिलंय, आणि चार वाजता गाडी येऊन या कणांच्या कुप्या पुढच्या चाचणीला नेणार आहे.

सेंट्रिफ्यूजचा आवाज पातळ होत जातो. मग तो नळाच्या पाण्याचा आवाज असतो.

"ऊठ की गं, भात टाकायचाय," कुणीतरी म्हणतं.

समोर अक्का उभी आहे. शैलाअक्का, तिची थोरली बहीण, अकरा वर्षांपूर्वी गेलेली. चॉकलेटी साडी, केस ओले. दचकावं हेसुद्धा अनुपमाला सुचत नाही. ती मुकाट उजव्या हातातला रबरी हातमोजा काढते आणि अक्कानं पुढं केलेल्या तांदळाच्या पातेल्यात हात घालते.

सिंक प्रयोगशाळेतलंच आहे, पण ओटा अक्काच्या सासरचा, जतचा. मिठाच्या बरणीला टेकून सूक्ष्मदर्शक ठेवलाय. दाराआड सासूबाई खोकतात, तशी दोघींचा आवाज आपोआप खाली येतो.

"तिसरं पाणी नितळ आलं पायजे," अक्का म्हणते. "हे कितवं?"

"पहिलंच."

"आन् थांबलीस?"

अनुपमा तांदूळ चोळत राहते. पाणी पांढरंफटक आहे आणि ओतलं तरी कमी होत नाही. अक्का तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात खुपसते आणि तळातून गोळ्यांची बाटली काढते. बाटली भरलेली आहे.

"सासरी लग्नघर हुतं. सैपाकघरात सारख्या बायका. डब्यात हात घालू कशी? एकोणीस दिस गेले. मग काय, गोळी सुटतच गेली."

"मला फोन करायचास."

"तूच म्हणालीस, लपव. घरात कळू देऊ नगंस."

"माझं लग्न ठरत होतं, अक्का."

"म्हणून तर लपवलं. रागावले न्हाई गं मी."

रागावली असती तर बरं झालं असतं. अनुपमाला रडू फुटतं, पण दाराआड सासूबाई आहेत, म्हणून ती ओठ घट्ट मिटून घेते.

दाराआड आता दवाखान्याचा लांबच लांब बोळ आहे. फरशीवर तांदळाचं पाणी वाहतंय. अक्का खाटेवर आहे, हातापायांच्या काड्या झालेली, आणि पातेलं दोघींच्या मध्ये तसंच आहे. येणारा-जाणारा हळूच विचारतो, "काय झालं हो यांना?" आणि दर वेळी अनुपमाचं तोंड आपसूक म्हणतं, "कावीळ." अक्का ऐकते.

मग ती पदर सारून दंड पुढं करते. "दे तुझी सुई. म्हयनाभर पुरंल?"

"पुरेल."

"शेवटच्या दिशीबी?"

अनुपमा पातेल्यातले तांदूळ जोरात चोळायला लागते. "कुणाला कळणार नाही, अक्का," ती म्हणते, आणि तिचाच आवाज तिला नकोसा होतो.

"माझंबी कुणाला कळलं न्हाई," अक्का म्हणते. गढूळ पाण्याच्या तळाशी ती अनुपमाची बोटं धरते. घट्ट धरते. पाणी गार आहे, खूप गार, आणि वर यायला वाटच नाही.

अनुपमा जागी होते तेव्हा सेंट्रिफ्यूज थांबलेलं असतं. पावणेचार. गालावर टेबलाच्या कडेचा वळ. नळ बंद आहे, सिंक ठणठणीत कोरडं आहे. डाव्या हातात मोजा आहे, उजव्यातला शेजारी पडलाय. उजव्या हाताची पाचही बोटं पांढरी पडून सुरकुतलीत, तासभर पाण्यात असल्यासारखी. ती डावा मोजा ओढून काढते. डावा हात नेहमीसारखा आहे.

ती दोन्ही हात समोर धरून बघत असतानाच विभागप्रमुख बेडगे सर दारात येतात. "मॅडम, कुप्या तयार आहेत ना? गाडी फाटकात आलीय."

"ही बॅच जाणार नाही, सर. एकदाच धुतलीय. अहवालात मी खोटं लिहिलंय."

सर दारातच थांबतात. "कळतंय का, काय बोलताय? प्रकल्प जाईल. तुमची नोकरीसुद्धा."

"कळतंय."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

याचं उत्तर तिच्याकडे आहे. ते अकरा वर्षं जुनं आहे.

"माझ्या बहिणीला एचआयव्ही होता, सर," ती म्हणते. "मी सगळ्यांना कावीळ सांगितली. कुणाला कळू देऊ नकोस, असं तिला मीच सांगितलं होतं."

सर खुर्ची ओढून बसतात. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतो, एकदा, मग पुन्हा. कुणी उठत नाही. शेवटी अनुपमा कुप्यांचा ट्रे आपल्याकडे ओढते आणि त्यावर उजवा हात ठेवून बसून राहते. बोटांवरच्या सुरकुत्या संध्याकाळपर्यंत जात नाहीत.