टक् ऐकणाऱ्या सुशीलाकाकू

आमच्या कारखान्यातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. हात दिवसभर कामात असतात, तोंड मोकळं असतं आणि समोर रोज तीच माणसं बसलेली असतात. मग ते आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचते तसे! मी पंधरा वर्षं साचू दिले. आता भिशीत बायका म्हणतात, "वर्षा, सांग नं वं एखादा," आणि मग मला आवरत नाही.

आधी आम्ही काय बनवतो ते सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल ही बाई कशाबद्दल बोलते आहे. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा छोटासा कारखाना आहे. रेल्वेच्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वीज जाते ती मधल्या जाड केबलमधून. त्या केबलच्या टोकाला जो दणकट प्लग असतो, तो कपलर. हातात घेतला तर भोपळ्याएवढा जड. ऊन, पाऊस, चिखल, खडी, सगळं त्यानं सोसायचं आणि धावत्या गाडीत सुटायचं नाही. तो सैल बसला तर डब्यातले पंखे बंद, एसी बंद, आणि नशीब वाईट असेल तर ठिणगी. म्हणून आमच्याकडे सगळं दोन-दोनदा तपासतात. या तपासण्यानंच आमची डोकी कायमची बिघडली आहेत!

*

मंदाचंच घ्या. मंदा तार पिनेत दाबून बसवते. दाबली की ती हातानं जोरात ओढून पाहायची, निघाली नाही तर पास. "ओढल्याशिवाय सोडायचं नाही," हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

कुही गावाला तिच्या भावाचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो होतो. ही करवली. गुरुजींनी सांगितलं, "ताई, नवरदेवाच्या शेल्याची अन् नवरीच्या पदराची गाठ मारा." मंदानं गाठ मारली. चांगली घट्ट मारली. आणि मग सवयीनं दोन्ही हातांनी धरून अशी काही ओढली, की नवरदेव पाटावरून खालीच आला!

नवरीनं तोंडावर पदर घेतलेला. नवरदेव मुंडावळ्या सावरत म्हणतो, "काय करून राहिली वं ताई?"

मंदा म्हणाली, "काही नाही गा. पास हाये!"

*

धनराजभाऊ आमचे सुपरवायझर. बोलतात कमी, स्क्रू आवळतात जास्त. आमच्याकडे स्क्रू पूर्ण आवळला की त्यावर लाल रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका दिसला म्हणजे त्याला कोणीतरी जबाबदार आहे.

माझ्या नातीच्या बारशाला धनराजभाऊ सगळ्यांच्या आधी आले. मला वाटलं, मदतीला आले असतील. तर हे खिशातून पाना काढून पाळण्याखाली आडवे! एकेक स्क्रू आवळला, आठही स्क्रूंवर लाल ठिपके लावले आणि हात धुऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

माझ्या सासूबाई आल्या. त्यांनी पाळण्यावरचे ठिपके पाहिले, चपला काढल्या आणि पाळण्याला वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "कुंकू लावलं का? बरं केलं बाप्पा!"

धनराजभाऊंनी काही सांगितलं नाही. मीही नाही. ती पोर त्या पाळण्यात वर्षभर झोपली. मला एकही दिवस काळजी वाटली नाही.

*

आमचे मालक धरमपेठेत राहतात. माणूस चांगला, पण पाहुणे आले की त्यांच्या अंगात येतं. कपलरमध्ये पाणी शिरत नाही हे दाखवायला आमच्याकडे एक मोठं टाकं आहे. त्यात कपलर बुडवून ठेवायचा, काढायचा, उघडायचा, आत कोरडं पाहिजे.

मे महिना होता. नागपूरचा मे! मालक चार पाहुण्यांना घेऊन आले. "हे आमचं वॉटर टेस्टिंग," म्हणत त्यांनी बाही वर केली, टाक्यात हात घातला आणि मोठ्या रुबाबात बाहेर काढला. हातात आंबा!

पुन्हा हात घातला. पुन्हा आंबा. आम्ही सगळ्या बायका खाली माना घालून. एका पाहुण्यानं फार गंभीरपणे विचारलं, "ही टेस्ट किती वेळ चालते?"

मंदा म्हणाली, "जेवाच्या सुट्टीपर्यंत!"

मालक रागावतील असं वाटलं होतं. पण त्या दिवशी पाहुण्यांसकट सगळे आमच्यासोबत जेवले. ऑर्डर मिळाली की नाही ते मला माहीत नाही, आंबा मात्र एकही शिल्लक राहिला नाही.

*

आता सुशीलाकाकू. यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे माझा आवाज बदलतो, असं माझी मुलगी म्हणते. बदलू दे.

काकूंचं टेबल सगळ्यात शेवटचं. तयार झालेला कपलर त्या समोरच्या सॉकेटमध्ये बसवतात आणि लॉकची दांडी खाली दाबतात. लॉक नीट बसला तर आवाज येतो, टक्! तो टक् ऐकला की कार्डावर टिक करायची आणि कपलर खोक्यात. टक् नाही, तर टिक नाही. मशीननं हे तपासता येतं म्हणे, पण आमच्याकडे मशीन म्हणजे काकू.

एकदा आम्ही सगळे वर्ध्याला लग्नाला निघालो होतो. नागपूर स्टेशनवर गाडी उभी. काकू दिसेनात! पाहतो तर प्लॅटफॉर्मच्या कडेला, दोन डब्यांच्या मध्ये वाकून उभ्या. एक रेल्वे पोलीस धावत आला, "मावशी, मागं व्हा! काय पाहून राहिल्या?"

काकूंनी मान वर केली. डोळे भरलेले. म्हणाल्या, "पोरगी इथं सासरी दिली हाये, साहेब. बरी हाये का नाही, पाहून राहिली."

तो बिचारा पोलीस वाकून गाडीखाली पोरगी शोधायला लागला!

*

दीड वर्षापूर्वी मला पहिल्यांदा शंका आली. मी काकूंच्या बरोबर समोर बसते, आमच्यामध्ये हातभर अंतर. एक दिवस त्यांच्या पाठीमागे लोखंडी ट्रे पडला. मंदा किंचाळली, धनराजभाऊ उठले, मी दचकले. काकू शांतपणे टिक करत होत्या.

मग मी पाहायला लागले. दांडी दाबली की काकू कपलरकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. टक् झाला की माझी मान आपोआप हलते, ही मला माझीच खोड माहीत नव्हती. काकूंना माहीत होती!

मी काय करायला पाहिजे होतं, ते तुम्ही सांगू नका, मला कळतं. पण काकूंच्या आधी त्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा मालकांनी गोड बोलून त्यांना आधी पॅकिंगला बसवलं आणि तीन महिन्यांत घरी. मालकांचं म्हणणं स्पष्ट होतं, "या खुर्चीवर कान पाहिजे." आणि काकूंच्या घरी कोण होतं? काका गेलेले, मुलगा परदेशी. काकू म्हणायच्या, "घरी मी भांड्यासारखी पडून राहते वं वर्षा. इथं आली की माणसात येते."

मग मी मान हलवत राहिले. जरा जास्तच हलवायला लागले. टक् नाही झाला तर म्हणायचे, "द्या काकू इकडं, पिन वाकडी दिसते." एकही कपलर मी ऐकल्याशिवाय जाऊ दिला नाही, देवाशपथ. यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

*

अडचण एकच होती, माझी सुट्टी. मी नाही तर काकूंचं काय?

भाचीच्या साखरपुड्याला मी एक दिवस रजा मागितली. अर्ज दिला. संध्याकाळी धनराजभाऊंनी मला बोलावलं. त्यांच्या पुढ्यात दोन अर्ज. एक माझा, एक काकूंचा. दोन्हीत कारण एकच, 'वर्षाच्या भाचीचा साखरपुडा'!

"काकू तुमच्या नात्यातल्या हाये का?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "हाव. जवळच्या."

भाऊंनी दोन्ही अर्जांवर सही केली. आणि काकू खरंच साखरपुड्याला आल्या, इतवारीच्या बाजारातून साडी घेऊन. माझ्या बहिणीनं त्यांना विचारलं, तुम्ही कोणाकडून? त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि पोटभर आशीर्वाद दिले.

*

आणि मग गेल्या महिन्यात ते साहेब आले.

ज्या कंपनीला आमचा माल जातो, तिकडचे तपासणीवाले. मोठी ऑर्डर द्यायच्या आधी कारखाना पाहायचा होता. उंच, बारीक, हसू नाही तोंडावर. सोबत एक पिशवी. सगळी टेबलं पाहिली आणि शेवटी काकूंपाशी थांबले.

"लॉक तुम्ही ऐकून पास करता?"

साहेब समोर उभे राहून बोलत होते, काकूंनी ओठ वाचले. "हो."

"सगळी मशीनं बंद करा. पंखेसुद्धा. बाकी सगळे मागे भिंतीपाशी उभे राहा."

मी उठले आणि काकूंच्या पाठीमागे भिंतीला जाऊन उभी राहिले. माझ्या खुर्चीवर मालक बसले. मालकांची मान दगडाची, कधी हलत नाही.

साहेबांनी पिशवीतून एक कपलर काढला, आमच्याच कारखान्यातून आधी गेलेला, आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो सॉकेटमध्ये बसवला, दांडी दाबली. मी कान टवकारले. टक् झाला नाही! मला भिंतीपाशी उभं राहूनही कळलं. काकूंनी वर पाहिलं. समोर मालक. काकूंनी दांडी उघडली, पुन्हा दाबली. पुन्हा वर पाहिलं. तिसऱ्यांदा दाबली. टिक केली की सुटल्या, एवढंच होतं. पेन हातात होतं. मी मनात म्हणत होते, काकू, नका, नका.

काकूंनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, मले ऐकू नाही येत," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. वर्षा ऐकते आन् तिची मान पाहून मी टिक करते. तिले काही म्हणू नका, तिनं माझ्यासाठी केलं. आज ती मागं हाये. आन् हा कपलर बसला का नाही, मले माहीत नाही. मी याले पास नाही करत. डब्यात लेकरंबाळं झोपली राहतात."

मग उठल्या. ॲप्रन काढला, नीट घडी केली, टेबलावर ठेवला. कोणाकडे न बघता दाराकडे चालायला लागल्या.

मी रडत होते, लपवत नाही.

साहेबांनी तो कपलर उचलला, उघडला आणि मालकांपुढे धरला. "याची लॉकची स्प्रिंग मीच काढली आहे. आधी दोन कारखान्यांत नेला होता. दोन्हीकडे ऐकू येणाऱ्या माणसांनी पास केला." मग म्हणाले, "या बाईंना इथून हलवू नका. शेजारी ऐकायला एक माणूस बसवा आणि कार्डावर दोघांची सही घ्या. बाई सही करतील तोच माल मी घेईन."

मालक उठून उभे राहिले. "हो, हो. अर्थात!"

पण हे सगळं काकूंच्या पाठीमागे! त्या आपल्या चालल्या होत्या. धनराजभाऊंनी हाक मारली, "काकू..." हळूच. मंदानंही मारली, हळूच. मी दोघांकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिवाळीपासून," भाऊ म्हणाले.

"मले तर त्याच्याही आधीपासून," मंदा डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर जोरानं बोलत नव्हतो नं, त्यांले वाईट वाटन म्हणून!"

काकू दारापाशी पोचल्या. एक पाय बाहेर. मग काय झालं कोणास ठाऊक, आम्ही सगळे एकदमच ओरडलो, मालकसुद्धा, इतके की पत्रे हादरले,

"काकू, बसाऽऽ!"

काकू गर्रकन वळल्या. कमरेवर हात.

"एवढे काहून ओरडून राहिले बाप्पा? बहिरी हाव का मी?"