पुरणाचा हरभरा

शेतकऱ्याला शहाणं करण्याची नोकरी मी पुण्यात बसून बरीच वर्षं केली. आमच्या कचेरीत पंखे होते, नकाशे होते आणि शेतकरी कसा ऐकत नाही याची चर्चा रोज अकराच्या चहाबरोबर होती. माझ्या वाट्याला हरभरा आला होता. वाघोलीच्या बाजूला तेव्हा सोसायट्या नव्हत्या, हरभरा होता, आणि तो दरवर्षी ऐन फुलोऱ्यात मर रोगाने उभा वाळायचा. आमच्याकडे मर न लागणारं सुधारित वाण होतं. ते शेतात पोचवायचं, एवढंच माझं काम.

मी पारावर सभा घेतल्या. पुरुष मंडळी माना डोलवत, बियाण्याची पिशवी घेऊन जात आणि शेतात मात्र जुनाच हरभरा उगवे. दोन हंगाम गेल्यावर मला कळलं, की काय पेरायचं ते घरातल्या बायका ठरवतात. बी राख चोळून मडक्यात ठेवतात त्याही त्याच. हे आमच्या एकाही परिपत्रकात नव्हतं.

मग एका मावशींच्या घरी गेलो. त्यांचं कोरडवाहू रान थोडकंच, आणि त्यातला हरभरा म्हणजे घरची वर्षाची डाळ. माझं भाषण त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. औषध न चोळलेलं मूठभर बी मागून घेतलं, शिजत घातलं आणि दाणा बोटांनी दाबून पाहिला.

"शिजाया जरा आडमुठा हाय," त्या म्हणाल्या. "पर बगू. आर्ध्या रानात टाकते."

त्या वर्षी जुन्याची बरीच झाडं वाळली. नव्याचं एकही नाही. मी इतका खूश झालो, की नवा हरभरा घरी आणला. पत्नीने त्याचं पुरण शिजवलं, चाखलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, हा शेतकऱ्यांना द्या. आपल्याला खायचा आणा."

मी मावशींकडून जुना मागून आणला. त्याच्या पुरणपोळ्या डब्यातून कचेरीत गेल्या आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तोच हरभरा हवा झाला. आमची जीप नवं बियाणं घेऊन जायची आणि जुना हरभरा घेऊन यायची. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आम्ही काही शेतकरी नव्हतो.

पुढच्या वर्षी मावशी सगळ्या रानात नवाच पेरणार, हे मी कागदावर लिहूनसुद्धा टाकलं होतं. माघात जाऊन पाहतो तर अर्धं रान हिरवं आणि अर्धं वाळून गेलेलं. तिथे पुन्हा जुना पेरला होता, आणि या खेपेला त्यातला एक घाटाही हाती लागणार नव्हता. मी भडकलो.

"मावशी, गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलंत ना? मग का पेरलात?"

"मला समदा नवाच टाकायचा व्हता, साहेब," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या घरी ह्योच लागतो, हापिसात बी ह्योच लागतो. तुमी मागाया आल्यावर न्हाई कसं म्हनायचं? अन् येवढी शिकल्याली मान्सं नवा वाटत्यात आन जुना खात्यात, तवा म्हनलं, त्यातच काय तरी आसंल." वाळलेली झाडं उपटत त्या पुढे म्हणाल्या, "आवंदा डाळ इकत आनावी लागंल."

मला लाज वाटली.

कचेरीत आलो आणि अहवाल भरायला घेतला. 'नवे वाण न स्वीकारण्याचे कारण' या रकान्यावर बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिलं, 'शेतकऱ्यांचे अज्ञान'. साहेबांनी ते वाचलं, सही केली आणि विचारलं, "शिमगा जवळ आला. यंदा मावशींचा हरभरा कधी येतोय?"