वॉल्टर यांचा बारावा सिनेमा

रूथचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "डॅड गेले," एवढंच ती म्हणाली. शहाण्णव वर्षांचं माणूस, जाणारच. तरी मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले... सहा आठवडे झाले, पण डोक्यातला गोंधळ काही निवळत नाही, म्हणून लिहायला बसले.

वॉल्टर म्हणजे रूथचे वडील, अमेरिकेत चँडलर गावी माझ्या लेकीच्या घराशेजारी राहायचे. लेक-जावई दिवसभर ऑफिसात, मग मी वॉल्टरच्या अंगणात गप्पांना जायची. माझं इंग्रजी जेमतेम, पण त्यांना सांगायची भूक नि मला ऐकायची. जुन्या हॉलिवूडमध्ये ते दिग्दर्शक होते. स्टुडिओत निरोप्या म्हणून लागले नि तिशीच्या आत घोड्यांचे, बंदुकांचे सिनेमे करायला लागले. अकरा केले. बारावा निम्मा झाला आणि स्टुडिओनं त्यांना काढलं, उरलेला दुसऱ्याकडून करून घेतला. नाव मात्र यांचंच ठेवलं. पुढे कुणी काम दिलं नाही. "ते पोर माझं नाही. मी तो कधी पाहिलासुद्धा नाही," म्हणायचे. आणि पुढच्याच आठवड्यात त्यातला नदीचा प्रसंग असा रंगवून सांगायचे, की चहा गार व्हायचा! एकदा मी म्हटलं, "पाहिला नाहीत, मग एवढा पाठ कसा?" तर हसून म्हणाले, "मालती, तुला स्टुडिओनं पाठवलंय की काय?"

स्मृतिसभेत एक सिनेमा दाखवायचा होता. रूथनं मलाच विचारलं, "बारावा दाखवू का? माझ्याशी ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना चाललं असतं?" माझी लेक मला मराठीत म्हणाली, "आई, माहीत नसेल तर तसं सांग ना. गेस कशाला करतेस?" पण रूथचं तोंड बघून मी म्हणून गेले, "दाखव."

दाखवला. लोक हसले, रडले, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या... त्या दुसऱ्यानं केलेल्या शेवटाला! रूथनं मला मिठी मारली. मला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं. यांचा भाग कुठे संपला नि त्याचा कुठे सुरू झाला, तेही कळलं नव्हतं. घोडे आपले धावतच होते.

परवा घर आवरताना रूथनं मला आठवण म्हणून त्यांच्या कपाटातली त्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट दिली. खिडकीशी नेऊन पाहिली, तर टेप दोन्ही चाकांवर सारखी. मधोमध थांबलेली. म्हणजे पाहिला होता! मग मधेच का थांबले? आपलं काम संपलं म्हणून, की डुलकी लागली म्हणून? की शेवटपर्यंत पाहून पुन्हा तिथवर मागे नेली? रूथला सांगावं की नाही, तेही सुचत नाही. कॅसेट माझ्या खोलीत आहे. टेप जागची सरकेल अशी भीती वाटते, म्हणून धूळ पुसायलासुद्धा मी ती उचलत नाही.