गाडी थांबेल ना?

द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा ज्योतिबा तसा अबोल माणूस. पन्नाशीतही नाद एकच, रिमोटवर पळणारी रेसची गाडी. रविवारी पाच-सहा जण रिकाम्या डांबरी प्लॉटवर शर्यत लावायचे.

फेब्रुवारीत त्याने गाडीला जास्त ताकदीची मोटर बसवली. तिसऱ्याच फेरीला जळका वास आला. त्याने रिमोटचा ट्रिगर सोडला, ब्रेक दाबला, पण गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली. कडेला चांगुणाबाई मासळीची पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावरून जाऊन ती कठड्यावर फुटली.

"माजा पाय वाचला हाय," त्या म्हणाल्या. "पन हितं रांगतं पोर असतं तर?"

ज्योतिबाला ते नसलेलं पोर दिसत राहिलं. कामावर फोर्कलिफ्टचा ब्रेकही तो दोन-दोनदा दाबून बघू लागला.

"विकून टाका ना," बायको सुनयना म्हणाली. "टेन्शन तरी जाईल."

"दुसऱ्याच्या हातात गेली तरी सुटेलच की. का सुटली ते मला कळायला हवं."

मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर जळला होता, एवढं त्याला ठाऊक होतं. नवा घ्यायला तो कोपरखैरण्याच्या दुकानात गेला. दुकानदार निखिलने तीन डब्या मांडल्या. सगळ्यात स्वस्त डबीवर मोठमोठे आकडे होते, पण कोणती मोटर चालेल ते कुठेच लिहिलं नव्हतं. महागडी परवडणारी नव्हती.

"हा जळला तर गाडी थांबेल ना?"

"काका, खोटं कशाला बोलू? आत जळून चिकटला तर वीज तोडतच नाही, गाडी पळत सुटते. कुठलाही असो. पण मोटर झेपणारी असली तर सहसा जळत नाही. तुमची कुठली होती?"

ज्योतिबाने सांगितलं. "मग जुन्या कंट्रोलरला ती झेपणारी नव्हतीच, काका," निखिल म्हणाला. दोष कंट्रोलरचा नव्हता, मोटर ज्योतिबानेच बदलली होती.

त्याने मधला कंट्रोलर घेतला, ज्यावर मोटरची मर्यादा स्पष्ट छापली होती, आणि गाडीला जुनी, मंद मोटर परत जोडली. घरी गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी. चाकं फिरवली आणि रिमोटच बंद केला. चाकं थांबली. तरी त्याने तेच वीस वेळा केलं.

रविवारी तो सगळ्यांत मागे राहिला. सरळ पट्ट्यावरही ट्रिगर अर्ध्याच्या पुढे गेला नाही, बोट जाईचना. फेऱ्या संपल्यावर त्याने कंट्रोलरला हात लावला. नुसता कोमट होता, तापला नव्हता. मग शेजारच्या नव्या गाडीपाशी जाऊन त्याने मालकाला विचारलं, "मोटर कुठली टाकलीय रे?"