म्हशीच्या शिंगाची लाल चिंधी

सलीमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाची चरवी उकिरड्यावर ओतत होते. त्यांनीच ओतायला सांगितलेलं! चार दिवसांपूर्वी आमच्या म्हशीला जंताचं औषध पाजलं, शिंगाला लाल चिंधी बांधली आणि "अक्का, मी सोडस नही तोपावत हे दूध डेअरीले नही, घरमा बी नही," असं दटावून माणूस गेला... आणि सोडायला आलाच नाही. असं कुठं करतात का, भाऊ?

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले तरी भडगावच्या आसपासच्या आमच्या चार-पाच गावांत त्यांची फटफटी फिरतच होती. जनावराला दिलेलं औषध दुधात उतरतं, ते लेकरांच्या पोटात जातं, म्हणून खोक्यावर लिहिलेले दिवस पाळायचे, हा त्यांचा एकच हट्ट. चिंधी सोडायची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. अक्षर असं, की कोंबडीनं बरं काढलं असतं.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या लेकीचं, वैशालीचं, डोहाळजेवण होतं. व्याही दोंडाईच्याहून येणार, आणि नेमकी तेव्हाच शिंगाला चिंधी! मी म्हटलं, एवढं उकळल्यावर कसलं औषध उरतंय? गुपचूप चिंधी सोडली, पातेलंभर बासुंदी आटवली. पाहुणे ओसरीवर टेकतात न टेकतात तोच सलीमभाऊ गोठ्यातून थेट माझ्या चुलीशी.

"अक्का, चिंधी कोनी सोडी?"

"उकळलंय की भाऊ चांगलं!"

"दूध आटस, औषध तठेच राहस. आनि पहिला घास कोन खाई? पोटुशी पोर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. उचललं पातेलं आणि मागच्या दारी ओतलं. पण आता पाहुण्यांना काय सांगू? माझं तोंड एवढंसं झालं. तोवर सलीमभाऊ ओसरीवर जाऊन मोठ्यानं म्हणाले, "मना पाय लागना हो, बठ्ठी बासुंदी सांडी गई!" व्याही पोट धरून हसले. मग हा माणूस शेजारच्या म्हशीची शिंगं स्वतः तपासून दूध घेऊन आला आणि केळी सोलत बसला. पाहुण्यांनी शिकरण दोनदा मागून घेतलं.

तेव्हापासून व्याही त्यांना "बासुंदीवाले" म्हणून चिडवायचे. भाऊ हसायचे. माझ्याकडे एकदा चुकूनही बघितलं नाही त्यांनी. भाऊ गेल्यावर भेटायला आले तेव्हाही व्याही म्हणाले, "माणूस भला, पण धांदरट हो." आणि मी गप्प बसले... अजून लाज वाटते.

काल भिंतीवरची तारीख उजाडली. सकाळीच व्याह्यांना फोन लावला. "ते पातेलं मी ओतलं होतं," म्हटलं, आणि का ते सगळं सांगितलं. व्याही म्हणाले, "तेव्हा वैशालीच्या पोटात होती ती नात सुट्टीत येईल तुमच्याकडे. तिला सांगा हे."

मग शिंगाची गाठ सोडली. त्या दुधाची बासुंदी आटवून आधी भाऊंच्या घरी पाठवली. चिंधी धुऊन खुंटीला टांगलीय, पुन्हा लागेलच. आणि भिंतीवरची ती कोंबडीच्या अक्षरातली तारीख कुणी पुसली तर गाठ माझ्याशी आहे, असा घरात सगळ्यांना दम दिलाय.